मुदखेडला कापलेला डबा

परत येऊन बरेच दिवस झाले तरी आमच्या गल्लीतल्या बायकांचं एकच टुमणं, "लातूर-नांदेडकडं जाऊन बघितलंस तरी काय?" मी सांगते, डबे बघितले. मग त्या एकमेकींकडं बघून तोंडाला पदर लावतात. हसेनात का! मिरजेत वाढलेल्या बाईला आगगाडीचं वेड नसेल तरच नवल. तीन मापांचे रूळ एका गावात, वडील गार्ड आणि घर यार्डाच्या भिंतीला लागून. बाकीच्या मुली सागरगोटे खेळायच्या तेव्हा मी गाडी वाचायची. म्हणजे इंजिनामागं कुठला डबा, त्यामागं कुठला, बायकांचा कुठं, टपालाचा कुठं, गार्ड शेवटी की मध्येच, हे एका दमात म्हणून दाखवायचं. सगळ्या गाड्या सारख्याच दिसतात असं म्हणणाऱ्याला माणसंही सारखीच दिसत असणार.

आमच्या ह्यांना यातलं काडीचं कळत नाही. हे हळदीच्या पेढीवर कारकून. लातूरच्या एका अडत्याकडं पेढीचं काम निघालं आणि मी म्हटलं, मीही येणार. "अगं, दुष्काळ आहे तिकडं. प्यायला पाणी नाही आणि तू फिरायला निघालीस?" मला ठाऊक होतं. पण यार्डातल्या एकानं सांगितलं होतं की दुष्काळापायी तिकडं मुदखेडला पाण्याची टाकी चक्क पॅसेंजरला जोडतात. माणसांच्या गाडीत टाकी! कुठं जोडत असतील? इंजिनाला लागून की शेपटाला? माझी तर झोपच उडाली. शेवटी हे म्हणाले, "चल बाई, नाहीतर वर्षभर ऐकवशील."

लातूर

मिरजेहून लातूरपर्यंतची आमची अरुंद रुळांची गाडी कशी रखडत गेली ते सांगत बसत नाही. एवढंच सांगते की बार्शीच्या पुढं तिची रचना बदलली. एरवी अशा मिक्स गाडीत माणसं एका टोकाला आणि माल दुसऱ्या टोकाला. इथं आमच्या डब्याला लागून कडब्याचा उघडा डबा आणि त्याच्यामागं पुन्हा माणसांचा! दुष्काळी जनावरांसाठी कडबा चाललेला. प्रत्येक थांब्यावर लोक हात घालून पेंढ्या उपसायचे आणि वाऱ्याबरोबर तो सगळा चुरा आमच्या खिडकीतून आत. लातूरला उतरले तेव्हा ह्यांच्या टोपीवर, मिशीवर, कानात कडबाच कडबा. मी मात्र खूष. अशी गाडी जन्मात वाचली नव्हती.

अडत्यांचं नाव शिवलिंगआप्पा. पांढरं धोतर, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, आवाज असा की मोंढ्याच्या बाजारात दहा दुकानं पलीकडं ऐकू जावा. लातूर नुकताच जिल्हा झालेला, त्याची आप्पांना कोण मिजास! जिथं तिथं पाट्या नव्यानं रंगवणं चाललेलं. आप्पा एकेक पाटी दाखवत होते. "हाव, आता जिल्हा हाय आमचा. उस्मानाबादचे हेलपाटे बंद. कलेक्टर हितंच बसून राहिले."

त्यांच्या बायकोनं, काशीकाकूंनी, आतून हाणलंच, "जिल्हा आला, लई ग्वाड झालं. नळाला पानी कवा येतंय ते इचारा तुमच्या कलेक्टरला!"

आमच्याकडं पाहुणा उंबऱ्यात आला की आधी पाण्याचा तांब्या पुढं येतो. इथं त्या उन्हाळ्यात रीत उलटी झाली होती. पाहुणाच बसता बसता म्हणतो, "पानी नको बरं का, आत्ताच पिऊन आलो." खोटं असतं, घरच्यांनाही कळतं, आणि तरी दोन्हीकडून अब्रू राहते. मला हे ठाऊक नव्हतं. मी दोन तांबे ढोसले आणि वर पाय धुवायला मागितलं! काकूंनी लगेच दिलं. नंतर पाहते तर माझं पायधुणं परातीत धरून त्या जास्वंदीला घालत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण जेवायला धपाटे, शेंगाची चटणी आणि येसराची आमटी असं काही समोर आलं की लाज बाजूला ठेवून मी चार धपाटे खाल्ले.

आप्पा लिंगायत. गळ्यात दोऱ्याला बांधलेली चांदीची लहानशी डबी आणि तिच्यात त्यांचं इष्टलिंग. जन्मल्यावर गुरूनं बांधलेलं ते मरेपर्यंत अंगावरून उतरवायचं नाही. रोज दोन वेळा ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची आणि सकाळची पूजा होईपर्यंत पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. मी विचारलं, "आणि कधी चुकून हरवलं तर?"

आप्पांनी डबीवर हात ठेवला. "असं इचारू नये, बाई. ते न्हाई तर अन्न न्हाई, पानी न्हाई."

दुसऱ्या दिवशी दोघं उमरीला निघाली होती. लेकीच्या घरी नातू झाला होता. उमरी म्हणजे नांदेडहून मुदखेड आणि त्याच्या पुढं दोन-तीन स्टेशनं. माझा जीव मुदखेडात अडकलेला, म्हणून आम्हीही त्यांच्याबरोबर निघालो. हे म्हणाले, "तू टाकी बघून घे, मग उमरीला पेढे खाऊन परत फिरू."

नांदेड

लातूरहून एस.टी.नं अहमदपूर, लोहा करत नांदेडला पोचलो. गोदावरी बघायला मोठ्या हौसेनं गेले. आमची कृष्णा उन्हाळ्यातही घोट्याला तरी लागते. इथं सगळी वाळूच वाळू. बायका वाळूत खड्डे करून वाटीवाटीनं पाणी भरत होत्या. मी पात्रात बरीच आत चालत गेले तरी चप्पल भिजली नाही.

रात्रीच्या मुक्कामाला गुरुद्वाऱ्याची धर्मशाळा. पंगतीत गरम रोट्या, घट्ट डाळ आणि वाढणाऱ्याचा आग्रह असा की नको म्हणायची सोय नाही. आप्पा संध्याकाळची पूजा करून पंगतीत बसले. "गुरूचं घर हाय, हितं कशाला लाजायचं," म्हणाले आणि माझ्याहून एक रोटी जास्त खाल्ली.

सकाळी मात्र तारांबळ उडाली. सगळ्यांना जाग उशिरा आली. काकू तेवढ्या आधी उठून आपली अंघोळ-पूजा आवरून बसल्या होत्या. आप्पांची अंघोळ झाली पण पूजा राहिली. "उमरीला पोचून करतो. दोन घंट्याची तर बात हाय." काकूंनी वाटेसाठी फिरकीचा तांब्या भरून मांडीवर घेतला होता. आम्ही धावतपळत स्टेशन गाठलं.

गाडी उभी होती. मी कसली थांबते! ह्यांना म्हटलं, "तुम्ही सगळे बसा, मी गाडी वाचून येते," आणि इंजिनाकडं पळाले. इंजिनाच्या नळातून पाणी ठिबकत होतं, त्याखाली बायकांच्या घागरींची रांग. इंजिन, टपालाचा डबा, बायकांचा, मग साधे चार, मग गार्डाचा डबा आणि त्या गार्डाच्याही मागं आणखी दोन डबे! हा प्रकार मला नवा. विचारलं तर कळलं, ते दोन अदिलाबादचे. मुदखेडला गाडी दोन फाट्यांना जाते, तेव्हा ते कापून दुसऱ्या गाडीला लावतात. माझ्या अंगावर आनंदाचा काटा आला. शिट्टी झाली तशी समोर आला त्या डब्यात चढले. म्हटलं, मुदखेडला उतरून ह्यांना हुडकू.

मुदखेड

मुदखेडला उतरले आणि फलाटावरून मागं मागं जात खिडक्यांतून बघत राहिले. हे कुठंच दिसेनात. गार्डाचा डबा संपला तरी नाहीत. पुढं बघते तर काय, अगदी शेवटच्या डब्यात खिडकीशी आमचे हे, समोर आप्पा-काकू, आणि ह्यांच्या चेहऱ्यावर केवढं समाधान! "बघ कसा रिकामा डबा पकडला!"

"अहो, रिकामा का आहे ते विचारलंत का? अदिलाबादला निघालात का नातू बघायला? उतरा आधी!"

खाली माणूस डबे सोडवायलाच वाकलेला, तिकडं उमरीकडं जाणाऱ्या आमच्या गाडीची शिट्टी. एकच गोंधळ उडाला. ह्यांनी खिडकीतून पिशव्या टाकल्या, मी झेलल्या, काकू तांब्या सांभाळत उतरल्या, आप्पा गर्दीच्या लोंढ्यात दाराशी अडकले, उपरणं कशात तरी गुंतलं, मी हाताला धरून ओढलं. पळत पळत पुढच्या डब्यात कसेबसे चढलो.

शिट्टी झाली तरी सिग्नलपायी गाडी बराच वेळ खोळंबली, आणि सुटल्यावर माझी टाकी दिसली. पलीकडच्या रुळावर अदिलाबादची गाडी जुळून उभी होती. इंजिन, त्याला लागून काळी पाण्याची टाकी आणि मागं माणसांचे डबे. टाकीच्या झाकणातून हिंदकळून पाणी सांडत होतं आणि खाली कुत्री जिभा लावून उभी होती. मी खिडकीबाहेर मान काढून शेवटच्या डब्यापर्यंत सगळी वाचली. "बघितली हो बघितली!" मी टाळ्या पिटल्या. डब्यातले लोक बघायला लागले आणि ह्यांनी तोंड फिरवलं.

मधलं स्टेशन

पुढचं स्टेशन म्हणजे दोन खोल्या आणि एक लिंबाचं झाड. समोरून नांदेडकडं जाणारी गाडी यायची होती, ती आल्याशिवाय आमची सुटणार नव्हती. डब्याची भट्टी झालेली. आप्पांनी घाम पुसायला उपरणं काढलं आणि त्यांचा हात गळ्याशी थांबला. मग छातीवर गेला. मग सदऱ्याच्या आत.

"काशी," ते म्हणाले. एवढंच. तो मोंढाभर घुमणारा आवाज मला समोर बसूनही जेमतेम ऐकू आला.

आम्ही बाकं धुंडाळली, पिशव्या उलट्या केल्या. उपरण्याच्या दशांत तुटलेल्या दोऱ्याचा एक तुकडा सापडला. म्हणजे दोरा त्या दाराशीच तुटला होता. चांदीची डबी मुदखेडला कापलेल्या डब्यात राहिली.

डब्यातले सगळे गोळा झाले. एक फेटेवाले गृहस्थ म्हणाले, "आता तो डबा अदिलाबादकडं, भोकरच्या वाटेला लागला असंल. तुमी उमरीला चला. तिथं मठ हाय, स्वामी हायेत. ते दुसरं लिंग बांधतील, मग पानी घ्या. या उन्हात म्हाताऱ्या माणसानं असं राहू नये."

शहाणपणाचंच बोलत होते. आप्पांचे ओठ सुकून पांढरे पडलेले. कालच्या पंगतीनंतर पोटात पाण्याचा थेंब नाही. काकू तांब्या छातीशी धरून नवऱ्याकडं बघत राहिल्या. ह्यांनी स्टेशनमास्तरला गाठलं. तो भला माणूस. म्हणाला, पुढं भोकरला फोन करतो, डबा तिथं बघायला सांगतो.

आणि मला एकदम आठवलं. मी ती गाडी वाचली होती! इंजिन, टाकी आणि मागं डबे. पण हे बसले होते त्या डब्याच्या दाराखाली पत्र्याचं भलंमोठं ठिगळ होतं. जोडलेल्या गाडीत ठिगळाचा डबा नव्हता. भरलेली टाकी म्हणजे केवढं ओझं! इंजिनाला झेपणार नाही म्हणून दोनातला एकच डबा लावला असणार आणि आमचा मुदखेडलाच ठेवला असणार.

"तो डबा गेलाच नाही!" मी ओरडले. "मुदखेडलाच आहे!"

"नक्की?" हे म्हणाले.

नक्की कसलं! तोंडातून निघून गेलं खरं. ठिगळ एकाच बाजूला होतं. मी बघितलेली बाजू तीच होती की दुसरी? आणि ठेवलेला डबा काही मी डोळ्यांनी बघितला नव्हता, मध्ये एक मालगाडी उभी होती. आयुष्यभर गाड्या वाचल्या, पण चुकलं तर कुणाचं काय बिघडत होतं? आज चुकलं तर हा माणूस मुदखेडच्या फलाटावर दिवसभर तहानलेला बसणार होता, मठ एकीकडं आणि लिंग दुसरीकडं. तेवढ्यात समोरची नांदेडची गाडी आत येऊन उभी राहिली. तिच्यात बसून मुदखेडला परतायचं की आहे तिथंच बसून उमरीला जायचं, ते त्याच क्षणी ठरवायचं होतं.

फेटेवाले म्हणाले, "बायामाणसाच्या आठवनीवर कुठं जाता?" मला असा संताप आला!

मी आप्पांसमोर बसले. "आप्पा, मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मला वाटतं तेवढं खरं."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. "स्वामी दुसरं देतील. पर माझ्या गळ्यातलं, माझ्या गुरूनं बांधलेलं, कुनाच्या पायाखाली पडलं असंल, ते सोडून मी फुडं कसा जाऊ?" ते काठी टेकत उठले. "चला, बाई. तुमी बगितलं म्हनताव ना, मग चला."

पुन्हा मुदखेड

परतीच्या त्या एका स्टेशनाएवढी लांब वाट मी उभ्या जन्मात गेले नाही. आप्पा डोळे मिटून पुटपुटत होते आणि मी मनातल्या मनात इंजिन, टाकी, डबे, पुन्हा इंजिन, टाकी, डबे असं घोकत होते. जितकं घोकावं तितकं ते ठिगळ अंधुक होत चाललं. हे शेजारी येऊन बसले. मला वाटलं, आता बोलणार. त्यांनी नुसता पंखा घेऊन आप्पांना वारा घातला आणि मध्येच दोन हात माझ्याकडं.

मुदखेड आलं. ती मेली मालगाडी अजून तिथंच! पलीकडचं काही म्हणता काही दिसेना. आम्ही तिच्या टोकाला वळसा घालून गेलो. खडी तापलेली, आप्पांचा एक हात ह्यांच्या खांद्यावर. टोकाशी पोचून मी वळले आणि आधी ठिगळच दिसलं. लिंबाखालच्या रुळावर एकटाच डबा उभा. मी त्या पत्र्याला असा हात लावला, जसा माहेरच्या दाराला.

पण डब्यात माणसं होती. सावली बघून पाण्याच्या रांगेतल्या लमाणी बायका घागरी घेऊन आत येऊन बसलेल्या. मी दारातूनच घाईघाईनं विचारलं, "बायांनो, इथं चांदीची एक डबी..."

त्यातली एक म्हातारी, हातभर बांगड्या, तिनं बोट वर केलं. खिडकीच्या वरच्या खुंटीला तुटक्या दोऱ्यानं गाठ मारून डबी टांगलेली होती. "दारात पडली होती. देवाचं हाय दिसलं. पायात येऊ नये म्हनून वर बांदलं. ज्याचं हाय त्यो येईल म्हनलं."

आप्पा आले, बघितलं आणि मटकन खालीच बसले. सत्तरीचा तो माणूस लहान पोरासारखा रडला. मीही रडले, सांगायला कसली लाज! ह्यांनी खुंटीकडं हात नेला आणि अर्ध्यातच थांबवला. म्हणाले, "काकू, तुम्ही काढा."

त्या डब्यातच आप्पांनी पूजा मांडली. लमाणी बायका न सांगता सरकल्या, घागरींची खडखड थांबली. काकूंनी तांब्याची फिरकी सोडून पळीभर पाणी दिलं. त्यांच्या डाव्या तळहाताला काकूंनी खालून आपला हात लावला. पूजा झाली, डबी नव्या गाठीनं गळ्यात गेली आणि मग आप्पांनी तांब्या तोंडाला लावला. घोट गळ्याखाली उतरताना आम्ही सगळेच बघत होतो. त्यांनी अर्धा ठेवून तांब्या काकूंपुढं धरला.

मी सहज म्हटलं, "काकू, तुमची पूजा तर सकाळीच झाली होती. वाटेत दोन घोट घ्यायचे की!"

"ह्यांनी घेतलं न्हाई," त्या म्हणाल्या.

सकाळपासून तो भरलेला तांब्या त्यांच्या मांडीवर होता. आम्ही आप्पांचे ओठ बघत होतो, आप्पांना वारा घालत होतो, आणि त्यांच्या ओठांकडं कुणी बघितलंच नव्हतं. त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी उचलला, डोळे मिटले आणि शेवटच्या थेंबापर्यंत खाली ठेवला नाही. मग पदरानं तोंड पुसलं आणि रिकामा तांब्या हातात तसाच धरून त्या लमाणी म्हातारीला विचारलं, "आक्का, तुझ्या घागरीत थोडं हाय का गं? माझं अजून भागलं न्हाई."

म्हातारीनं घागर वाकवली.